एल्फ्रीडेचं आडनाव

माझ्या आईला तुम्ही फुटबॉल महासंघवाल्यांनी दोनदा मैदानाबाहेर काढलंत. पहिल्यांदा पोलीस पाठवून, दुसऱ्यांदा हातात फुलं देऊन. पहिल्या वेळी माझा जन्म झाला नव्हता. दुसऱ्या वेळी मी तिथे उभी होते आणि माझ्याबरोबर अख्खं घंगाळ उभं होतं. तेव्हा "असं काही घडल्याची आमच्याकडे नोंद नाही" हे तुमचं ठेवणीतलं वाक्य या खेपेला ठेवणीतच राहू द्या.

घंगाळ म्हणजे आमचं स्टेडियम. पाटीवर त्याचं नाव वेगळं आहे, पण ह्युल्सबेकमध्ये ते नाव फक्त तुमच्यासारखे पाहुणे घेतात. खाणीतून निघालेला दगड आणि राख गोल रचत गेले, आत हिरवळ लावली, वर पायऱ्या बांधल्या, झालं घंगाळ. तीन बाजूंना आम्ही उभे. चौथ्या बाजूला छप्पर, छपराखाली गादीच्या खुर्च्या. तिथे तुम्ही.

या घंगाळानं काय काय पाहिलंय ते तुम्ही त्या दिवशी झुळझुळीत कागदावर छापून वाटलंत. चषकाचा तो सामना होता, ज्यात आमच्या वेल्डरांनी नि गवंड्यांनी दक्षिणेकडच्या लखपतींना चिखलात लोळवलं. बर्फातला सामना होता, ज्याच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी कोळशाच्या फावड्यांनी मैदान मोकळं केलं. खाणीतल्या स्फोटानंतरचा रविवारही होता. तेव्हा दोन्ही संघ खेळले आणि पायऱ्यांवरून एक आवाज निघाला नाही, चेंडूला लाथ बसल्याचा तेवढा ऐकू येत होता. सगळं खरं आहे. एकच सामना तुम्ही गाळलात. सत्तावन सालचा, सप्टेंबरातला, बायकांचा.

आमची एक रीत आहे. सामन्याआधी माइकवाला आमच्या खेळाडूचं फक्त पहिलं नाव घेतो आणि थांबतो. आडनाव आम्ही ओरडायचं. तो म्हणतो "रुडिगर", की हजारो गळे म्हणतात "पोलाशेक". रुडिगर पोलाशेक म्हणजे चषकाच्या सामन्यातला आमचा गोलरक्षक. त्याला त्याची बायको सोडून गेली, पण घंगाळ त्याचं आडनाव एकदाही विसरलं नाही. नव्या पोराचं आडनाव कुणाला माहीत नसेल तर फलकावर मोठ्या अक्षरात येतं, तेवढा वेळ पुरतो. आणि पाहुण्या संघाची नावं पुकारली, की दर नावामागे आमच्या बाजूनं एकच उत्तर जातं, "मग काय?" अमुक तमुक, मग काय? अकराही जणांना. त्यात राग नसतो, सवय असते. मी चाळिशी उलटण्याआधीपासून ते करतेय आणि माझ्या शेजारी उभा राहणारा एगोन तर जन्मल्यापासून करतो असं त्याची बायको म्हणते.

आमचं घर घंगाळाच्या पायथ्याशी, खाणीच्या वस्तीत. खिडकी उघडी असली की सामना स्वयंपाकघरात येतो. आई ओट्याशी बटाटे सोलत ऐकायची. पहिलं नाव माइकवरून फाटकं यायचं, आडनाव मात्र गडगडत यायचं, कपाटातल्या बश्या वाजायच्या. लहानपणापासून मी एक गोष्ट पाहत आले. अकरावं आडनाव ओरडून झालं, की आई सुरी थांबवायची. क्षणभरच. बारावं कुणी येणार असल्यासारखी. मग म्हणायची, "चला, झाले यांचे लाड," आणि पुन्हा सोलायला लागायची.

ती एल्फ्रीडे सोबोटा. लग्नानंतर ब्रोकहोफ झाली. पण खेळली ती सोबोटा म्हणून, आणि तिला ऐकायचं होतं तेही सोबोटाच. तिचा बाप, माझा आजोबा, त्या नावानं खाणीत उतरायचा.

तिची हकिगत वस्तीत सगळ्यांना पाठ आहे, तुम्हालाही असणार. पण तुम्ही विसरल्याचं सोंग घेता म्हणून सांगते.

ती खाणीच्या धुलाईघरात कामाला होती. खाणकामगारांचे काळेकुट्ट कपडे तिथे धुतले जायचे, आणि शनिवारी संध्याकाळी क्लबच्या पुरुष संघाचे शर्टही. जेवणाच्या सुट्टीत पोरी मागच्या राखेच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळायच्या. तुम्ही तेव्हा फतवा काढला होतात, की कुठल्याही क्लबनं बायकांना मैदान द्यायचं नाही, पंच द्यायचा नाही. का, तर या खेळानं बाईच्या देहाला नि मनाला इजा होते आणि ते दिसायला बरं नाही. दिवसभर ओल्या कपड्यांची टोपली उचलून माझ्या आईच्या देहाला काही होत नव्हतं. चेंडूनं होणार होतं.

पण घंगाळ तेव्हा क्लबच्या मालकीचं नव्हतं, खाणीचं होतं. खाणीच्या व्यवस्थापकाची मुलगीच डाव्या बगलेत खेळायची. त्यामुळे फाटक उघडलं. हॉलंडहून पोरी बसनं आल्या. आमच्या पोरींकडे शर्ट कुठले? त्यांनी धुलाईघरात आलेले पुरुषांचे शर्ट चढवले. सोमवारी धुऊन, इस्त्री करून परत द्यायचे, कुणाला पत्ता लागणार नाही. आई नऊ नंबरात. शर्ट गुडघ्यापर्यंत. "तो शर्ट आमच्याइतक्या स्वच्छ माणसानं कधी घातला नव्हता," असं ती म्हणते.

माणसं हसायला आली होती. प्रार्थना आटोपून, बिअर ढोसून. पहिली काही मिनिटं शिट्ट्या, घाणेरडे विनोद, सगळं झालं. मग हॉलंडच्या पोरींनी गोल केला आणि विनोद थांबले, कारण आता ह्युल्सबेक हरत होतं. मग आईचा गोल. कोपऱ्यातून आलेला चेंडू तिच्या नडगीला लागून आत गेला. पुढे मी कितीदा तरी म्हटलं, "आई, सांगताना डोकं तरी म्हणत जा." तिचं उत्तर ठरलेलं. "नडगीला लागला, पण गेला ना? तुमच्या पोलाशेकच्या पायातून किती गेले ते मोज आधी."

एक–एक. पायऱ्या पेटल्या. उत्तरार्ध सुरू झाला आणि तुमचा माणूस आला, दोन पोलीस घेऊन. टोपीवाला, काळ्या कोटातला. पोलिसानं चेंडू काखेत घेतला. तुमच्या माणसानं शर्ट ओळखले. म्हणाला, ही क्लबची मालमत्ता आहे, ताबडतोब काढा. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "इथेच काढू?"

पायऱ्या हसल्या. तुमचा माणूस कानापर्यंत लाल झाला. पण हसण्यानं चेंडू परत मिळत नाही. पोरींना बाहेर जावं लागलं. हॉलंडच्या पोरी बसमध्ये बसून रडल्या, आमच्या पोरींनी धुलाईघरात जाऊन शर्ट धुतले. सोमवारी क्लबला शर्ट इस्त्रीसह मिळाले आणि आईला नोकरीवरून काढल्याची नोटीस. तो सामना तिथेच एक–एकवर थांबलाय. अजून संपलेला नाही.

आता गेल्या मे महिन्यावर येते. क्लबनं मोटाररस्त्यालगत नवं स्टेडियम बांधलं, कुठल्याशा विमा कंपनीच्या नावाचं, आणि घंगाळाचा निरोप ठरला. शेवटच्या सामन्याआधी जुन्या खेळाडूंना मैदानात बोलावणार, प्रत्येकाचं पहिलं नाव पुकारणार, आडनाव आम्ही ओरडणार. मी आईला सांगितलं नाही. सरळ क्लबच्या कचेरीत गेले.

तिथे एक तरुण माणूस, टेनहागन नावाचा, समारंभाचं बघत होता. टोकदार बूट, गोड बोलणं. माझं सगळं ऐकून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, वा, हे तर फार सुंदर आहे, कॅमेरेवाले खूश होतील. सामन्याचं साल, दोन्ही संघ, निकाल, सगळं पुकारू. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती केक कापत होती. मनुक्यांचा केक, रविवारचा. तिनं मला दोन तुकडे जास्त वाढले. बोलली मात्र एवढंच, "निळा कोट उसवलाय. बाहीला टाका घालून दे."

आठवड्यानं टेनहागन घरी आला. या वेळी डोळे चमकत नव्हते. कॉफी घेतली, केकची तारीफ केली, मग म्हणाला, फ्राउ ब्रोकहोफ, जरा अडचण आहे. वरून पाहुणे येणार आहेत. वरचे म्हणजे तुम्ही. तो सामना अधिकृत नव्हता, त्यामुळे तो पुकारता येणार नाही. वरच्या लोकांच्या मते असा सामना झालाच नाही.

आईनं कप खाली ठेवला. "अहो टेनहागन, सामना झालाच नाही?"

"कागदोपत्री नाही, बाई."

"मग पोलीस काय थांबवायला आले होते? माझी धुणी?"

त्यानं बशीतल्या चुऱ्याकडे पाहिलं. मी त्याला तेव्हाच दाराबाहेर काढणार होते, पण आईनं हातानं मला थांबवलं. त्यानं दुसरा मार्ग काढून आणला होता. घंगाळाची सर्वांत जुनी प्रेक्षक म्हणून आईला मैदानात न्यायचं. पुष्पगुच्छ. टाळ्या. मी म्हटलं, प्रेक्षक? ही प्रेक्षक? आई माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "मला भाजीवाली म्हणा, नाहीतर मांजर म्हणा. नाव पुकारणार का?"

तो म्हणाला, नाव तर पुकारूच.

"सोबोटा. ब्रोकहोफ नको. फलकावर सोबोटा यायला हवं, नाहीतर पोरांना काय ओरडायचं ते कळणार नाही."

तो म्हणाला, येईल. माझ्यासमोर म्हणाला. आमच्या घरची कॉफी पीत म्हणाला.

तो गेल्यावर मी आईशी भांडले. म्हटलं, हे भीक घेण्यासारखं आहे, नको जाऊ. ती शांत होती. तिचं म्हणणं, आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची आडनावं ऐकत बटाटे सोलले. आता एकदा बापाचं नाव त्या पायऱ्यांवरून यावं, मग तिला कुणी काय समजतं याच्याशी देणंघेणं नाही. "तू पायऱ्यांवर असशील ना, उटे?" तिनं विचारलं. "मग झालं तर. तू ओरड जोरात. तुझा गळा बापावर गेलाय."

मी आसपासच्या वीसेक लोकांना पढवलं. एगोनला तर तीनदा म्हणायला लावलं. तो म्हणाला, "अगं बाई, सोबोटा म्हणजे काय लॅटिन आहे? माझ्या सासऱ्याचा डेंटिस्ट सोबोटा होता."

निरोपाच्या दिवशी घंगाळ तुडुंब होतं. भाजलेल्या सॉसेजचा धूर, ओल्या राखेचा वास, म्हातारे बाप आपल्या म्हाताऱ्या पोरांचे हात धरून आलेले. माइकवर डेटलेफ होता, तीस वर्षं तोच. एकेक जुना खेळाडू बोगद्यातून आला. डेटलेफ पहिलं नाव घ्यायचा, थांबायचा, फलकावर आडनाव लखलखायचं, आणि घंगाळ ते उचलायचं. पोलाशेक काठी टेकत आला. त्याचं आडनाव ओरडलं तेव्हा माझ्या पायाखालची पायरी हलली. माणसं उघड उघड रडत होती. मीही.

सगळ्यांत शेवटी आई. निळा कोट, बाहीला माझा टाका. बरोबर टेनहागन. ती त्याचा हात न धरता चालली. एरवी लंगडते, पण तिथे लंगडली नाही. मध्यवर्तुळाच्या अलीकडे उभी राहिली आणि पायऱ्यांकडे तोंड केलं.

डेटलेफ म्हणाला, "आणि आता, घंगाळाची सर्वांत जुनी, सर्वांत निष्ठावान चाहती. एल्फ्रीडे..."

आणि थांबला.

तीस वर्षांची सवय. पहिल्या नावानंतर त्याची जीभ थांबतेच. त्याच्या हातातल्या कागदावर पुढे काहीच नव्हतं, हे त्याला थांबल्यावर आठवलं. फलकावर सोबोटा आलं नाही. फलकावर विमा कंपनीची जाहिरात आली, हसरं कुटुंब, हसरा कुत्रा.

आम्ही वीसजण ओरडलो. सोबोटा. त्या घंगाळात वीस गळे म्हणजे डास. पलीकडच्या बाजूला काही पोचलं नाही. सगळं स्टेडियम आडनावासाठी तोंड उघडून उभं होतं आणि तोंडात घालायला कुणी काही दिलं नव्हतं. आई तशीच, मान वर करून. सुरी थांबवायची ना, तशी.

मग उत्तरेच्या कोपऱ्यातून कुणीतरी, बिअर प्यालेला, वाईट मनात नसलेला, गंमत म्हणून ओरडला, "मग काय?"

हशा पिकला. आणि सवयीला बांध नसतो. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. अख्ख्या घंगाळानं एका आवाजात माझ्या आईला विचारलं, मग काय? माझ्या शेजारी एगोनही ओरडला. त्याच एगोननं एका श्वासाआधी सोबोटा म्हटलं होतं. ओरडून झाल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला आणि सामना संपेपर्यंत तो काढला नाही.

छपराखाली तुमच्यातला एक टाळ्या वाजवत होता. मी पाहिलं.

आईनं फुलं घेतली. टेनहागनला मान लववली, जशी ती दुकानदाराला लववते. आणि बोगद्याकडे न जाता कडेकडेनं आमच्या बाजूच्या छोट्या फाटकातून बाहेर पडली. मी धावत खाली गेले. ती ट्रामच्या थांब्यावर बसली होती, फुलं बाकाखाली. माझ्या तोंडून तुमच्या सात पिढ्या निघाल्या. ती म्हणाली, उगाच लोकांना शिव्या देऊ नकोस.

"त्यांनी बरोबरच केलं," ती म्हणाली. "पाहुण्या संघाला आपण हेच म्हणतो. इथे मी पाहुणीच होते. एवढी वर्षं मला वाटत होतं घरच्या संघात आहे, ती चूक माझी."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाही. तसंही आता उघडून ऐकायला काही नाही.

मी डेटलेफकडे गेले. तो अर्धा झाला होता. त्यानं शपथेवर सांगितलं, कागदावर एवढंच होतं, आणि सामन्याच्या आधी त्यानं विचारलंही होतं की बाईंचं आडनाव कुठे. उत्तर मिळालं, गरज नाही. मग मी टेनहागनकडे गेले. त्याला एका शब्दात विचारलं, का. तो आधी म्हणाला, तुमच्या आईंना फुलं तर मिळाली. मी दार लावून त्याच्यासमोर बसले. मी रोज सकाळी गर्दीच्या वेळची बस चालवते, मला बसून राहता येतं. शेवटी तो बोलला. यंदा तुमच्याकडे बायकांच्या फुटबॉलचा उत्सव आहे, जागोजागी फलक, हसऱ्या पोरी, "आम्ही नेहमीच तुमच्या सोबत" वगैरे. सोबोटा हे आडनाव फलकावर आलं असतं तर पत्रकारांनी विचारलं असतं, कोण सोबोटा? मग सत्तावन साल निघालं असतं, काळा कोट निघाला असता. म्हणून वरून फोन आला. पहिलं नाव पुरे.

म्हणजे तुम्हाला नाव माहीत होतं. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. विसरला असतात तर मी एक वेळ समजू शकले असते, म्हातारी माणसं विसरतात, कचेऱ्याही विसरतात. तुम्ही विसरला नव्हतात. त्या गर्दीत आईचं आडनाव बरोबर ठाऊक असलेले आम्ही वीसजण होतो आणि तुम्ही. आम्ही ओरडलो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

मी तुमच्या कचेरीत फोन केला. बाईंनी सांगितलं, तुमचं म्हणणं पुढे पाठवते. पुढे म्हणजे कुठे ते त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी संगीत ऐकवलं. तिसऱ्या वेळी एक साहेब आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की काळ वेगळा होता. काळ वेगळा होता हे मला मान्य. पण मे महिना याच काळातला आहे. फोन याच काळात केलात.

आईला मी हे लिहितेय ते माहीत आहे. वाचून दाखवलं तेव्हा तिनं एकच दुरुस्ती सांगितली. व्यवस्थापकाची मुलगी डाव्या बगलेत नव्हती, उजव्या बगलेत होती, आणि पास कधीच द्यायची नाही. ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय. तुमच्याकडे खरी नोंद असेल तर चूक दुरुस्त करायला तरी ती बाहेर काढा.

घंगाळ अजून पाडलेलं नाही. खुर्च्या उचलल्या, हिरवळ तुकडे करून विकली, पण पायऱ्या आहेत आणि खांबांवर लाउडस्पीकर आहेत. यंत्रं पावसाळी थंडी सरल्यावर येणार असं ठेकेदाराच्या माणसांनी सांगितलं. आई त्र्याऐंशीची आहे, खिडकी बंद करून बसलीय, आणि मला घाई आहे.

डेटलेफ यायला तयार आहे, फुकट. ओरडणारी माणसं मी आणते, या वेळी वीस नाही, अख्खी वस्ती आणते, एगोन तर आधीपासून रांगेत उभा आहे. फुलं नकोत. भाषण नको. तुमचा एक माणूस पाठवा, टोपी असो वा नसो. त्यानं मैदानात उभं राहून माइकवर सांगायचं, की सत्तावन साली सप्टेंबरात या घंगाळात ह्युल्सबेकच्या आणि हॉलंडच्या बायकांचा सामना झाला, तो आम्ही थांबवला, तेव्हा एक–एक होतं, आणि ह्युल्सबेकचा गोल करणारीचं पहिलं नाव हे. पुढचं आम्ही बघू.

कुणाला पाठवताय आणि कधी? पाठवणार नसाल तर तसं स्वतःच्या सहीनं सांगा. पण उत्तर द्या.